विहिरीचे पाणी आणि कायद्यातली व्यक्ती

पिण्याच्या पाण्यात विष कालविणे हे पाप कोणत्याही समाजाने क्षम्य मानलेले नाही. युद्धात पुष्कळ गोष्टी चालतात, पण तेथेही विहिरी नासविणाऱ्याची निंदाच झालेली आहे. मात्र ह्या पापाची कल्पना करिताना आपल्या डोळ्यांपुढे नेहमी एक माणूस उभा राहतो. तो कोणाच्या तरी द्वेषाने पेटलेला असतो, आणि रात्रीच्या अंधारात पाणवठ्याशी येऊन आपले काम उरकून जातो. आता विहीर नासविणारा हा माणूस नसून एखादी कंपनी असेल तर? कायद्याने कंपनीला व्यक्ती मानले आहे खरे. तिच्या नावे जमीन घेता येते, करार करता येतो, तिच्यावर फिर्यादही लावता येते. परंतु ह्या व्यक्तीला लाज वाटत नाही, पश्चात्तापाने तिची झोप उडत नाही. आणि वाङ्मयाचे तर लाज व उडालेली झोप ह्यांवाचून चालत नाही. तेव्हा अशा व्यक्तीच्या अपराधाची कथा लेखकाने सांगावी तरी कशी, हा प्रश्न समाजशास्त्राइतकाच टीकाशास्त्राचाही आहे, असे आम्हांस वाटते.

ह्या प्रश्नाचा विचार करण्यास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी पेनसिल्व्हेनिया ह्या संस्थानाने दोन कृतींच्या रूपाने चांगली सामग्री पुरविली आहे. एक आहे जॉश फॉक्स ह्यांचा २०१० सालचा 'गॅसलँड' हा माहितीपट, आणि दुसरा एलायझा ग्रिझवोल्ड ह्यांचा 'ॲमिटी अँड प्रॉस्परिटी' हा २०१८ साली निघालेला व २०१९ चे पुलित्झर पारितोषिक मिळविलेला ग्रंथ. दोहोंचा विषय एकच: जमिनीतील वायू काढण्यासाठी जे वेधन चालते त्यामुळे पिण्याचे पाणी बिघडले, अशी तक्रार करणारी माणसे व त्यांना मिळालेला, किंवा न मिळालेला, न्याय. ह्या दोन्ही कृती जोखण्यास माप म्हणून आम्ही एक जुने नाटक घेणार आहो. तत्पूर्वी मूळ विषयाचे थोडे निवेदन करणे प्राप्त आहे.

पेनसिल्व्हेनियाच्या पोटात मार्सेलस नावाचा शेल खडकाचा विस्तीर्ण थर आहे. तो पुष्कळ ठिकाणी पाच ते आठ हजार फूट खोल असून त्याच्या बारीक रंध्रांत वायू अडकून पडलेला आहे. प्रथम सरळ खाली भोक पाडावयाचे, मग त्याला आडवे वळण द्यावयाचे, आणि लक्षावधी गॅलन पाणी, रेती व रसायने प्रचंड दाबाने आत घालून खडक फोडावयाचा, अशी ही रीत आहे. तिला फ्रॅकिंग म्हणतात. शेतकऱ्याच्या पिण्याच्या पाण्याची विहीर काही शे फूटच खोल असते, तेव्हा खालच्या थरातील वायू तिच्यात कसा येणार, असे कंपन्या विचारतात. आणि वरवर पाहता ते सयुक्तिकही वाटते. परंतु वायूची विहीर पिण्याच्या पाण्याचे थर भेदूनच खाली जाते. तिच्यातील पोलादी नळ व त्याभोवतीचे सिमेंट ह्यांत कोठे चीर राहिली, तर तीच वायूला वर चढण्याची वाट होते. शिवाय खडक फोडून वर आलेले खारे व दूषित पाणी कोठे तरी साठवावे लागते, आणि तेही झिरपते.

कायद्याची स्थिती अशी की, २००५ च्या ऊर्जाविषयक कायद्याने संयुक्त सरकारच्या पेयजल-संरक्षण कायद्यातील जमिनीखाली द्रव्ये घालण्यासंबंधीच्या नियमांतून ह्या खडक फोडण्याच्या क्रियेस वगळण्यात आले. अपवाद केला तो डिझेल वापरण्यापुरता. त्या वेळचे उपाध्यक्ष डिक चेनी हे पूर्वी ह्याच धंद्यातील हॅलिबर्टन कंपनीचे प्रमुख होते, म्हणून टीकाकारांनी ह्या सवलतीला 'हॅलिबर्टनची पळवाट' असे नाव दिले. इकडे पेनसिल्व्हेनियात खाजगी विहिरींच्या पाण्यासाठी संस्थानाने ठरविलेली मानके नाहीत. त्यामुळे वेधनापूर्वी आपले पाणी कसे होते ह्याचा कागद बहुतेक घरी नसतो. आणि ज्याच्याजवळ 'पूर्वी'चा पुरावा नाही त्याला 'नंतर'ची तक्रार सिद्ध करणे किती अवघड जाते, हे सांगावयास नको. ही अडचण ओळखूनच तेथील कायद्याने एक गृहीत धरिले: वेधनानंतर ठराविक मुदतीत, ठराविक अंतराच्या आत पाणी बिघडले तर दोष कंपनीचा समजावा, व तो आपला नाही हे तिने दाखवावे. हे अंतर पूर्वी १,००० फूट व मुदत सहा महिने होती. २०१२ मध्ये ती अनुक्रमे २,५०० फूट व बारा महिने झाली.

आता आमच्या मापाकडे वळू. हेन्रिक इब्सेनचे नाव मराठी वाचकांस नवे नाही. त्याच्या 'अ डॉल्स हाउस'चे अनंत काणेकरांनी केलेले 'घरकुल' हे रूपांतर अनेकांना ठाऊक असेल. त्याच इब्सेनने १८८२ साली लिहिलेले, इंग्रजीत 'ॲन एनिमी ऑफ द पीपल' ह्या नावाने परिचित असलेले नाटक हे दूषित पाण्याचेच नाटक आहे. सत्यजित राय ह्यांनी त्यावरून 'गणशत्रू' हा बंगाली चित्रपट केला, तेव्हा त्यांनी स्नानगृहांच्या जागी देवळातील तीर्थ घातले. मूळ नाटकात एका लहान गावाने औषधी स्नानगृहे काढली आहेत. त्यांच्या पाण्यात चामड्याच्या कारखान्यांची घाण उतरते हे तेथील वैद्य डॉ. स्टॉकमन शोधून काढतो, विद्यापीठाकडून पाणी तपासून घेतो, आणि गाव आपले आभार मानील अशी भोळी आशा धरितो. गाव त्याला लोकशत्रू ठरविते.

आमच्या विषयाच्या दृष्टीने ह्या नाटकात दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की, इब्सेनने दोषाला चेहरा दिला आहे. स्नानगृहांच्या मंडळाचा अध्यक्ष हा डॉक्टरचा सख्खा भाऊ आहे, व सर्वांत वाईट कारखाना त्याच्या पत्नीला वाढविणाऱ्या मॉर्टन कीलचा आहे. हा अध्यक्ष मूर्ख नाही, राक्षसही नाही. नळ बदलण्यास खर्च किती येईल, स्नानगृहे दोन वर्षे बंद ठेवावी लागतील, तेवढ्यात शेजारची गावे गिऱ्हाइके पळवतील, हा त्याचा हिशेब चोख आहे. आणि तो ऐकताना आपणही क्षणभर मान डोलावतो. दुसरी गोष्ट शेवटच्या अंकातील. कील हा डॉक्टरच्या बायकोमुलांसाठी राखून ठेवलेल्या पैशांनी स्नानगृहांचे शेअर विकत घेतो आणि डॉक्टरपुढे ठेवतो. तू खरे बोललास तर तुझ्याच मुलांचे पैसे बुडतील, असा त्याचा अर्थ. भागभांडवलाच्या कंपनीत दोष आणि लाभ हे दोन्ही किती हातांत वाटले जातात, आणि त्यांत तक्रार करणाराचाही हात कसा गुंतविला जातो, हे इतक्या थोड्या शब्दांत दुसऱ्या कोणी दाखविल्याचे आमच्या वाचनात नाही. नाटकाचा दोष म्हणावयाचा तर हा की, चौथ्या अंकात डॉक्टर बहुमताविरुद्ध व्याख्यान देऊ लागतो तो पाण्याला विसरतो, आणि त्याच्याबरोबर नाटककारही विसरतो. नळ शेवटी बदलले की नाही हे आपल्याला कळत नाही.

'गॅसलँड' ह्या माहितीपटाचा नायक स्वतः दिग्दर्शकच आहे. त्याच्या कुटुंबाच्या जमिनीसाठी वायुकंपनीकडून भाडेपट्ट्याची मागणी येते, आणि सही करण्यापूर्वी ज्यांनी सह्या केल्या त्यांना भेटून यावे म्हणून तो प्रवासाला निघतो. ही योजना उत्तम आहे. तिच्यात प्रचारकाचा आव नाही, शेजाऱ्याची चौकशी आहे. परंतु ज्या दृश्याने हा चित्रपट जगभर गाजला, ते कोलोरॅडोतील एका घरात नळाच्या पाण्याला काडी लावताच उठणाऱ्या ज्वाळेचे दृश्य, तेच त्याचे मर्मस्थान ठरले. त्या विहिरीतील वायू वेधनामुळे आलेला नसून जमिनीत स्वाभाविकपणे तयार झालेला आहे, असा निर्णय कोलोरॅडोच्या तेल व वायू आयोगाने दिलेला होता. कंपन्यांच्या कैवाऱ्यांनी नेमके एवढेच उचलून सारा चित्रपट खोटा ठरविण्याचा प्रयत्न केला. मिथेन वायू कोठूनही येवो, जळताना सारखाच जळतो. त्याचे मूळ कळावयाचे तर त्याच्या अणुभेदांची चिकित्सा करावी लागते, आणि ती पडद्यावर दिसत नाही.

वस्तुतः बळकट पुरावा ज्वाळेपेक्षा पुष्कळ नीरस होता. ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चालू वायुविहिरीपासून एक किलोमीटरच्या आतील पाण्यात मिथेनचे सरासरी प्रमाण दूरच्या पाण्यापेक्षा सतरा पट आढळले. मात्र खडक फोडण्याच्या रसायनांचा मागमूस त्या पाण्यात लागला नाही. पुढे २०१४ मध्ये त्याच परंपरेतील संशोधनाने, त्यांनी तपासलेल्या ठिकाणी दोष खोल खडक फोडण्याचा नसून सदोष सिमेंट व नळ ह्यांचा आहे, असे दाखविले. म्हणजे हे अटळ नैसर्गिक संकट नव्हे; कोणी तरी करावयाचे काम नीट केले नाही. उत्तरदायित्वाच्या दृष्टीने तर हा निष्कर्ष कंपन्यांस अधिकच जड जावयास हवा. पण सिमेंटच्या चिरेत नाट्य नाही, म्हणून चित्रपटाने ज्वाळा पसंत केली. कलाकृतीने परिणामासाठी निवडलेला पुरावा आणि न्यायालयात टिकणारा पुरावा ह्यांत अंतर पडले की त्याचा लाभ आरोपीला मिळतो. 'गॅसलँड'च्या बाबतीत तसेच घडले.

हा लाभ किती मोठा, हे त्याच चित्रपटात आलेल्या डिमॉक ह्या गावाच्या पुढील इतिहासावरून ध्यानात येईल. १ जानेवारी २००९ रोजी तेथील एका घराच्या पाण्याच्या विहिरीत साठलेल्या वायूचा स्फोट होऊन तिच्यावरील काँक्रीटचे झाकण उडाले. तेथे वेधन करणारी कॅबट ऑइल अँड गॅस कंपनी, ह्या भागातील पाण्यात मिथेन आधीपासूनच असतो, असे म्हणत राहिली. संस्थानच्या पर्यावरण खात्याने कंपनीला दोषी धरून २०१० मध्ये गावाच्या नऊ चौरस मैलांच्या टापूत नव्या वेधनास बंदी केली, आणि सुमारे १ कोटी २० लाख डॉलर खर्चाची जलवाहिनी आणण्याचे योजिले. कंपनीने विरोध केला, आणि त्या वर्षअखेर खात्याने जलवाहिनीचा नाद सोडून १९ घरांना मिळून ४१ लाख डॉलरची तडजोड पत्करिली. २०१२ मध्ये संयुक्त सरकारच्या पर्यावरण-संरक्षण संस्थेने ६४ घरांचे पाणी तपासून पुढील कारवाईची जरूरी नाही असे जाहीर केले. तर त्याच नमुन्यांवरून दुसऱ्या एका सरकारी आरोग्यसंस्थेने २०१६ मध्ये काही विहिरींतील द्रव्ये प्रकृतीस अपायकारक असल्याचे सांगितले. २०१६ मध्येच ज्यूरीने दोन कुटुंबांस ४२ लाख ४० हजार डॉलर देवविले. दुसऱ्या वर्षी न्यायाधीशांनी तो निर्णय रद्द केला व नव्या सुनावणीचा हुकूम दिला.

अखेर जून २०२० मध्ये ग्रँड ज्यूरीच्या दोन वर्षांच्या चौकशीनंतर संस्थानचे ॲटर्नी जनरल जॉश शपिरो ह्यांनी कंपनीवर पंधरा फौजदारी आरोप ठेविले. मध्यंतरी २०२१ मध्ये कंपनी दुसऱ्या एका कंपनीशी एकरूप होऊन कोटेरा एनर्जी ह्या नावाने नांदू लागली होती. २९ नोव्हेंबर २०२२ रोजी तिने एकाच सौम्य आरोपास 'मी तो लढवीत नाही' असे उत्तर दिले, व जलवाहिनीसाठी १ कोटी ६२ लाख ९० हजार डॉलर आणि पंच्याहत्तर वर्षांची पाणीपट्टी देण्याचे मान्य केले. म्हणजे जी जलवाहिनी २०१० मध्ये योजिली होती, तिच्यापाशीच सर्व मंडळी बारा वर्षांनी परत आली. त्याच सुमारास गावाखाली पुन्हा वायू काढण्याची वाटही मोकळी झाली. ह्या साऱ्या हकीकतीत एकही मनुष्य तुरुंगात गेला नाही; तुरुंगात घालता येईल असे माणूस आरोपी म्हणून पुढे आलेच नव्हते.

अशी ही बारा वर्षांची, तारखा-तहकुबींची कथा सांगण्यास चित्रपटाचा दीड तास अपुरा. तिला ग्रंथच हवा, आणि श्रीमती ग्रिझवोल्ड ह्यांनी तो लिहिला आहे. त्यांचे स्थळ डिमॉक नव्हे. त्याच संस्थानाच्या नैर्ऋत्येस वॉशिंग्टन परगण्यात ॲमिटी आणि प्रॉस्परिटी अशी दोन जोडगावे आहेत. ह्या नावांचा अर्थ स्नेह आणि समृद्धी असा होतो, आणि ती खरोखरीची नावे असल्यामुळे त्यांतील उपरोध लेखिकेला शोधावा लागला नाही. सात वर्षे त्या ह्या गावांत येत-जात राहिल्या. ग्रंथाची नायिका दवाखान्यात काम करणारी एक परिचारिका असून दोन मुलांना एकटीने वाढवीत आहे. तिच्या घराच्या वरच्या अंगास रेंज रिसोर्सेस ह्या कंपनीची वायुविहीर व सांडपाण्याचा तलाव होतो. पुढे तिचा मुलगा आजारी पडतो, जनावरे मरतात, पाण्याला वास येऊ लागतो.

ह्या ग्रंथाचा मोठा गुण असा की, लेखिका आपल्या नायिकेला निष्पापतेच्या चौरंगावर बसवीत नाही. तिनेही भाडेपट्ट्यावर सही केलेली आहे; जनावरांसाठी एक चांगला गोठा बांधावा हे तिचे साधे स्वप्न त्या सहीच्या मुळाशी आहे. तलाव ज्याच्या जमिनीवर झाला तो शेजारीच आहे. गावात कोळशाच्या खाणींनी विहिरी पूर्वीच आटविल्या होत्या, तरी त्याच खाणींवर गावाची चूल पेटत आली होती. वायूच्या पैशांनी कोणाचे कर्ज फिटले, कोणाचे छप्पर नवे झाले. तेव्हा तक्रार करणारी बाई ही गावाच्या दृष्टीने स्टॉकमनचीच बहीण. मात्र ती व्याख्यान देत नाही. ती वही ठेवते, तपासण्यांचे कागद जपते, आणि रात्रपाळीनंतर मुलासाठी पाणी वाहून आणते. इब्सेनला जे साधले नाही ते येथे साधले आहे: ग्रंथ अखेरपर्यंत पाण्याला विसरत नाही.

दुसरा गुण म्हणजे कारस्थानाच्या कल्पनेपेक्षा कामाच्या वाटणीचे चित्र लेखिकेने रंगविले आहे. भोक पाडणारा कंत्राटदार वेगळा, तलावाचे अस्तर घालणारा वेगळा, पाणी तपासणारी प्रयोगशाळा वेगळी, परवाना देणारे खाते वेगळे. फिर्यादीत प्रयोगशाळांवरही आरोप होते. प्रत्येक जण आपल्यापुरते थोडेसे कमी सांगतो, व ह्या सगळ्या थोड्याथोड्या उणेपणाची बेरीज एका मुलाच्या पेल्यात होते. नायिकेचे वकील हे पति-पत्नी असून, त्यांतील पत्नी पूर्वी मोठ्या कंपन्यांची वकिली करीत असे. कंपनी कागद कोठे ठेविते हे तिला ठाऊक आहे, आणि म्हणूनच ग्रंथातील कागदपत्रांच्या झटापटीची प्रकरणे चातुर्यकथेसारखी वाचनीय झाली आहेत. ह्याच दांपत्याचा ज्यात भाग होता त्या दुसऱ्या एका खटल्यात, डिसेंबर २०१३ मध्ये, गावांना आपल्या हद्दीतील वेधनाचे नियमन करू न देणारी २०१२ च्या कायद्यातील कलमे पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. शुद्ध हवा व निर्मळ पाणी हा प्रजेचा हक्क आहे, असे १९७१ पासून त्या संस्थानाच्या घटनेत लिहिलेले होते. त्या वाक्याला न्यायालयाने प्रथमच खरा जीव दिला. नायिकेचा स्वतःचा खटला मात्र २०१८ मध्ये तडजोडीने मिटला.

आता ग्रंथाचा दोष. ह्यात कंपनी आहे, पण कंपनीतला मनुष्य नाही. प्रवक्ते येतात, वकील येतात, खुलासे येतात. परंतु तलाव गळत असल्याची बातमी कोणत्या टेबलावर प्रथम आली, ती वाचून कोण थांबला, कोणी खर्चाचा आकडा मांडला व कोणी तो खोडला, हे आपणांस दिसत नाही. इब्सेनच्या अध्यक्षाचा चोख हिशेब येथे ऐकू येत नाही. लेखिकेला कंपनीच्या आत प्रवेश मिळाला नसेल हे आम्ही जाणतो, आणि कल्पनेने तो घेणे तिच्या प्रकारच्या लेखनात बसणार नाही हेही मानतो. तथापि त्यामुळे सहानुभूती एका बाजूला व यंत्र दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी होते; आणि यंत्रावर रागावता येते, पण त्याला जाब विचारता येत नाही.

हा प्रवेश का मिळत नाही, ह्याचे एक कारण त्याच परगण्यातील दुसऱ्या एका खटल्याने उघड केले. २०११ साली एका कुटुंबाने रेंज रिसोर्सेस व अन्य दोन कंपन्यांशी साडेसात लाख डॉलरवर तडजोड केली. वायुधंद्याविषयी पुढे काही बोलू नये, अशी तीत अट होती. कुटुंबात दहा व सात वर्षांची दोन मुले होती, आणि ही अट त्यांनाही लागू काय, असा प्रश्न न्यायालयात निघाला. कंपनीच्या वकिलाने ती साऱ्या कुटुंबाला लागू असल्याचे सांगितले. वृत्तपत्रांनी खटपट केल्यावर २०१३ मध्ये हे कागद खुले झाले, तेव्हा कंपनीने मुलांना ती लागू नसल्याचा खुलासा केला. खुलासा असो. पण अशा तडजोडीत विकत घेतले जाते ते मौन, आणि मौन हे केवळ त्या कुटुंबाचे राहत नाही. पुढच्या विहिरीच्या मालकाला दाखला मिळत नाही, वैद्याला पूर्वीचा रोगी सापडत नाही, आणि लेखकाला साक्षीदार. एकेका घराला न्याय मिळतो, आणि गावाजवळ पुरावा राहत नाही. वाङ्मयाचे ह्या बाबतीतले काम त्यामुळेच नाजूक व आवश्यक ठरते: जे विकत घेतले गेले नाही तेवढे तरी अचूक लिहून ठेवणे. 'गॅसलँड'ने हे काम उत्साहाने पण ढिलाईने केले. ग्रिझवोल्डबाईंनी ते चिकाटीने केले.

दूर देशातील ह्या विहिरींचे मराठी वाचकाला काय, असे कोणी विचारील. त्याला उत्तर इतकेच की, ३० मार्च २०१८ रोजी गेल ह्या आपल्या सरकारी कंपनीच्या दीर्घ मुदतीच्या कराराखाली अमेरिकेतील द्रवरूप वायूचे पहिले जहाज रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळला लागले. ते लुइझियानातून आले होते. परंतु मार्सेलसचा वायू ज्या मेरीलंडमधील कोव्ह पॉइंटहून समुद्रावर चढतो, तेथेही गेलने करार केलेला आहे. नळात एकदा मिसळलेल्या वायूवर त्याच्या विहिरीचे नाव लिहिलेले नसते. मॉर्टन कीलने जावयापुढे टाकलेल्या शेअरांसारखाच हा प्रकार आहे. आपण मागितले नसताना एक बारीकसा भाग आपल्याही नावावर चढलेला असतो.

म्हणून हा ग्रंथ घरातील मोठ्या माणसांनी व महाविद्यालयीन मुलामुलींनी वाचावा, अशी आमची शिफारस आहे. अगोदर इब्सेनचे नाटक वाचावे, मग हा ग्रंथ. दोहोंच्या मध्ये जी जागा रिकामी राहते ती कंपनीच्या सभागृहाची आहे. तेथे बसलेल्या शहाण्या, कुटुंबवत्सल, हिशेबी माणसांनी तो निर्णय कसा घेतला, हे जाणून आणि न्यायबुद्धीने लिहिणारा लेखक अद्याप यावयाचा आहे. तो येईपर्यंत कायद्यातली ही व्यक्ती दंड भरील, नाव बदलील, आणि आरोप लढवीत नाही म्हणून सांगेल; मी हे केले, असे म्हणणारे कोणी आपणांस भेटणार नाही.